भरलेल्या गाडीचं माप

मी तापट माणूस. आता वयानं धार गेली आहे, पण त्या दिवसांत राग कायम नाकावर बसलेला असायचा. पेशानं ड्राफ्ट्समन. खाडीच्या अलीकडे नवं शहर वसवायचं होतं, त्याचे नकाशे आमच्या ऑफिसात निघायचे आणि उंच स्टुलावर बसून त्यांच्या रेघा मारायचं काम माझं. माझी रेघ चुकत नाही, हे मी ऑफिसात, घरात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, जमेल तिथं ऐकवायचो. बायको म्हणायची, ह्यांना मेथीची जुडीसुद्धा टोपलीत काटकोनात ठेवलेली लागते. खोटं नव्हतं ते.

त्या माझ्या रेघेनं माझ्याच पोरीचा जीव जवळजवळ घेतला. ते आधी सांगतो, म्हणजे पुढे ज्या माणसाबद्दल सांगायचं आहे, त्याच्यापुढे मी अजून का वाकतो ते कळेल.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. आम्ही वाशीला राहायला येऊन थोडेच दिवस झाले होते. मुलगी आठ वर्षांची. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. मांडीपर्यंत कॅलिपर असायचे, म्हणजे दोन्ही बाजूंना लोखंडी सळ्या, मधे चामड्याचे पट्टे आणि खाली जडशीळ बूट. खाडीपलीकडे, मुंबईत, अशा मुलांसाठी एक शाळा होती. वर्ग, व्यायाम, डॉक्टर, सगळं एकाच आवारात, आणि पायऱ्या कुठेच नाहीत. दोन वर्षं खेटे घातल्यावर तिथे प्रवेश मिळाला. जूनमध्ये हजर करायचं, नाहीतर जागा दुसऱ्या मुलाला जाणार, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

बसनं नेऊन पाहिलं. बसची पहिलीच पायरी तिच्या कंबरेएवढी. मी उचलून चढवेपर्यंत मागच्यांची रेटारेटी, त्यात बस हलली, आणि पोर दांड्याला लोंबकळून राहिली. घरी आलो तेव्हा पट्ट्याच्या कडेनं मांडी सोलवटली होती. रडली नाही. फक्त म्हणाली, बाबा, उद्या नको. म्हणून गाडी घेतली. माझं ऑफिस तेव्हा मुंबईतच होतं, शाळा वाटेवर. सकाळी सोडायची, संध्याकाळी आणायची, असा हिशेब होता.

गाडी विलायती बनावटीची, वयानं माझ्याहून थोडीशीच लहान. इंजिन ठणठणीत होतं, पण खालचं अंग खाऱ्या हवेनं खाल्लेलं. मागच्या डाव्या सीटसमोर फ्लोअरला गंजून रुपयाएवढं भोक पडलं होतं, त्यातून रस्ता पळताना दिसायचा. पोरीला ती जागा भारी आवडायची. तिथंच बसायची. तिचे बूट मात्र फ्लोअरपर्यंत पोचायचे नाहीत, आठ बोटं वर लोंबत राहायचे. लोखंडाचं वजन गुडघ्याला ओढायचं आणि थोड्या वेळात पायांना मुंग्या यायच्या. मग आम्ही खाली चादरीची वळकटी ठेवायचो. ब्रेक लावला की वळकटी घसरायची आणि बूट पुन्हा लोंबायचे. ते काही कुणी फार मनावर घेतलं नव्हतं. एवढं सगळं नशिबात आहे, त्यात हेही, असं धरून चाललो होतो.

खरी अडचण सायलेन्सरची होती. इंजिनाचा धूर मागे नेणारा पाइप सडून चाळण झाला होता आणि त्या बनावटीचा नवा कुठे मिळेना. तेव्हा मी ठरवलं, आपण स्वतः डिझाइन करायचा. नकाशे काढणाऱ्याच्या हातात काय नाही? रविवारी गाडी जॅकवर चढवली, बॉडीखाली लाकडी ठोकळे लावले, पाठीवर पडून टेपनं मापं घेतली आणि तीन संध्याकाळी बसून ट्रेसिंग पेपरवर असा देखणा नकाशा काढला की काय सांगू. वरून, बाजूनं, आडवा छेद. पाइप आणि मागचा अॅक्सल, म्हणजे मागची दोन चाकं जोडणारा आडवा दांडा, यांच्यामध्ये दोन इंच जागा, तिथे बाण काढून आकडा लिहिलेला. बेलापूर रस्त्यावरच्या एका वर्कशॉपमधून पाइप वाकवून आणला, गॅरेजवाल्याकडून बसवला. इंजिन सुरू केलं तर आवाज नुसता लोण्यासारखा. सोसायटीतले लोक बघायला आले. मी छाती काढून फिरलो.

पुढच्या रविवारी तिघं निघालो, शाळेचा रस्ता एकदा बघून येऊ म्हणून. मी चालवत, बायको पुढे शेजारी, पोर मागे तिच्या जागी. पुढे दगडखाणीचे ट्रक होते, धूळ नको म्हणून काचा वर केल्या. खाडीपुलाच्या तोंडाशी रस्त्याला उंचवटा होता. त्याच्यावरून गाडी गेली आणि खाली धाडकन काहीतरी आपटलं. मी म्हटलं, दगड उडाला असेल. अर्धा पूल ओलांडला असेल, बायकोनं मागे वळून पाहिलं. तिला वाटलं पोर झोपली. हाक मारली, उठेना. मान एका बाजूला पडली होती आणि ओठांचा रंग गेला होता.

पुलावरच गाडी थांबवली. दार उघडून तिला बाहेर ओढली, कॅलिपरसकट छातीशी धरली आणि कठड्याला टेकून उभा राहिलो. खाडीचा वारा तोंडावर बसला तशी तिनं मोठा श्वास घेतला आणि भडाभडा ओकली. उंचवट्यावर अॅक्सल वर उचलला गेला होता, त्याच्या दणक्यानं पाइपाचा जोड सुटला होता आणि सगळा धूर त्या रुपयाएवढ्या भोकातून आत येऊन तिच्या तोंडावर गेला होता. बायकोनं पोरीचं तोंड पदरानं पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्या गाडीत ती परत बसणार नाही."

भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी दुसऱ्या दिवशी वर्कशॉपवाल्यावर तुटून पडलो. त्यानं शांतपणे माझा नकाशा पाइपावर ठेवून दाखवला. सूतभर फरक नव्हता. तोंडात मारल्यासारखा घरी आलो. दोन इंच जागा होती, मी स्वतः मोजली होती. मग अॅक्सल लागला कसा? रात्र रात्र तेच डोक्यात. शाळा सुरू व्हायला महिनाही उरला नव्हता. गाडी ताडपत्रीखाली पडून होती आणि बायको शाळेचं पत्र कपाटातून काढून वाचायची आणि परत ठेवायची.

आमच्या बिल्डिंगमध्ये बोनकोड्याची एक मासेवाली यायची. मी देशावरचा, मासळीच्या वासानं गॅलरीत पळणारा, पण बायको कोकणातली, तिची आणि मासेवालीची गट्टी. ताडपत्री कशाला, असं तिनं विचारलं, तेव्हा बायकोनं सगळं सांगितलं. तिचा नवरा मिस्त्री होता. ती म्हणाली, माझा मालक होड्यांची इंजिनं करतो, होडीतपन धूर होतोच की, त्याला दाखवा. बायकोनं हे मला सांगितलं तशी मी उसळलो. होडीचा मिस्त्री मोटारीला हात लावणार? बायको म्हणाली, मोटारीवाल्यानं लावून झालाय ना.

गेलो मग. काचा खाली करून, एकटाच.

बोनकोडे म्हणजे वीसेक कौलारू घरं आणि त्यांच्या मागून खाडीचा बांध. मिस्त्रीचं अंगण चिंचेखाली होतं. एक लांब खड्डा खणलेला, त्यावर होडीचे दोन जाडजूड सागवानी वासे आडवे टाकलेले. मिस्त्री पन्नाशीचा असेल. काळा, कोरडा, उघडा, कानाशी बिडी खोचलेली. पेटवताना मी कधी पाहिली नाही. मी त्याच्यापुढे नकाशा उलगडला आणि समजावून सांगायला लागलो. त्यानं हात धुतले, लुंगीला पुसले आणि मग कागद हातात घेतला. बराच वेळ बघितला. म्हणाला, चांगला काढलाय. मग विचारलं, "सायेब, ही गारी भरलेली हाय का रिकामी?"

मला प्रश्नच कळला नाही. कुठली गाडी, म्हटलं.

"कागदावरची."

मी म्हटलं, मापं घेताना गाडी ठोकळ्यांवर होती, चाकं अधांतरी, आत कोण असणार? तो समजूत घातल्यासारखा बोलायला लागला. होरी वाळूवर रिकामी असताना मापली तर पान्यात जाऊन मानसं बसल्यावर ती वेगळीच होते. "कागदावर गारी रिकामी हाय, सायेब. तुमी काय रिकामीच चालवनार?"

तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चाकं अधांतरी असताना अॅक्सल खाली लोंबतो. गाडी चाकांवर उभी राहिली की तो वर येतो. आत माणसं बसली की आणखी वर. माझे ते दोन इंच फक्त ठोकळ्यांवर होते. हे शाळेतल्या पोरालाही कळावं, आणि मला, चार ठिकाणी बाण काढून आकडे लिहिणाऱ्याला, कळलं नव्हतं. मिस्त्रीनं नकाशाची घडी नीट घालून परत दिली.

जाताना त्यानं सांगितलं, रविवारी सगळी मानसं आना. जो जिथं बसतो, तो तिथं बसाया पायजे. दप्तर, डबा, पान्याची बाटली, रोज जे नेनार ते सगळं. आमच्याकडं होरीचं इंजिन बसवताना घरातली सगळी आत बसवतात, म्हातारीपन. मगच माप.

बायको ऐकेना. मी म्हटलं, इंजिन सुरू करायचं नाही, नुसतं बसायचं. मासेवालीनं येऊन स्वतः हमी दिली तेव्हा कुठे तयार झाली. पोरीला घेऊन ती एका टेम्पोत पुढे बसून आली. मी गाडी नेली आणि त्या दोन वाशांवर चढवताना घामानं न्हालो. मिस्त्री पुढे उभा राहून दोन बोटांनी इकडे, तिकडे, एवढंच दाखवत होता.

मेचं ऊन. चारी दारं उघडी टाकून आम्ही तिघं गाडीत आपापल्या जागी बसलो, दप्तर आणि डबा घेऊन, कुठेही न जाता. सगळं बोनकोडे बघायला जमलं होतं. मला लाज वाटत होती आणि खाली मिस्त्री खड्ड्यात उतरून एक जाड तार वाकवत होता. टेप नाही, फूटपट्टी नाही. इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत धूर कसा जाईल, तशी ती तार तो हातानं वळवत नेत होता. मधेच सांगायचा, हाला जरा. आम्ही तिघं सीटवर उड्या मारायचो, गाडी खालीवर व्हायची आणि तो अॅक्सल कुठपर्यंत येतो ते बघत तार आणखी वाकवायचा. पोरीला हसू आवरेना. तिनं फ्लोअरच्या भोकातून खाली बघितलं तर खालून एक डोळा वर बघत होता. तिनं दप्तरातला खडू भोकातून खाली सोडला. थोड्या वेळानं खडू खालून वर आला. मग हा खेळच सुरू झाला.

आम्ही उतरायच्या आधी मिस्त्री वर आला. पोरीच्या दाराशी उभा राहून तिला नीट टेकून बसायला सांगितलं आणि तिच्याच खडूनं दाराच्या खांबावर तिच्या नाकाच्या उंचीला एक रेघ मारली. ही कशाला, मी विचारलं. काम हाय, म्हणाला.

पुढचे दोन आठवडे मी ऑफिसातून रजा काढली. आयुष्यात पहिल्यांदा मी स्टूल सोडून जमिनीवर बसून दुसऱ्याचं काम बघत होतो. सगळ्यात आधी त्यानं पेट्रोलची टाकी उतरवली आणि बांधाच्या पलीकडे नेऊन ओल्या गोणपाटाखाली ठेवली. मग खाडीची वाळू. गोड्या पाण्यात धुतलेली, दोन दिवस उन्हात पसरलेली, तरी त्याचं समाधान होईना. मोठ्या कढईत घालून बायकोनं रवा भाजावा तशी भाजली. म्हणाला, ओलाव्याचा थेंब राहिला तर वाफ होऊन पाइप फुटतो, आपन मरतो. ती वाळू त्यानं सरळ पाइपात भरली. भरताना लाकडाच्या हातोडीनं पाइप ठोकत राहायचा आणि कान लावून ऐकायचा. मला सगळे ठोके सारखेच. तो मान हलवायचा, अजून नाय. आणि एकदम थांबायचा. ऐका, म्हणायचा. आणि खरंच, पोकळ आवाज जाऊन पाइप मुका झालेला असायचा. मग दोन्ही तोंडांना लाकडाची बुचं.

कोळशाच्या भट्टीवर मासेवाली स्वतः भाता मारायची. पाइप लाल व्हायला लागला की दोन खुंटांमध्ये अडकवून मिस्त्री त्याला ओढायचा, घाईनं नाही, बैलाची वेसण धरावी तसा हलक्या हातानं. जिथं वाकायला नको तिथं आधीच पाण्याची धार. लोखंड त्याचं ऐकत होतं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. कुठं सुरकुती नाही, कुठं चपटं नाही. आणि जमिनीवर पसरलेल्या तारेवर तो पाइप आणून ठेवला तेव्हा तार दिसेनाशी झाली, पाइपाखाली पूर्ण झाकली गेली. मी उठून उभा राहिलो. मला टाळी वाजवावीशी वाटली आणि रडावंसंही वाटलं. इतकी वर्षं मी अचूक अचूक म्हणत होतो, ते हे नव्हतं.

खड्ड्यात उतरून त्यानं गाडीचं अंग पाइपासाठी बदललं, ते तर मी खाली वाकून वाकून बघितलं. एक आडवी पट्टी वाटेत येत होती, ती कापून वर कमान करून परत जोडली. हँडब्रेकची तार बाजूला सरकवली. पाइप अॅक्सलच्या वरून वळसा घेऊन जाईल आणि मधे मूठभर जागा उरेल, भरलेल्या गाडीत मूठभर. जुन्या टायरच्या पट्ट्या कापून त्यांच्यावर पाइप टांगला, म्हणजे गाडी हलली की तोही हलेल, अडून तुटणार नाही. चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, मोठ्या बीमपाशी मात्र त्यानं कापणं थांबवलं. त्याच्यावर हात ठेवून म्हणाला, "हा कना हाय. याला हात नाय लावाचा." त्या कण्याला वळसा घालायला त्यानं आख्खा एक दिवस जास्त घातला.

एकदा चहा पिताना त्यानं विचारलं, सायेब कंच्या हापिसात? मी सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, म्हंजे रेघा तुमीच मारता. मी हो म्हटलं. त्यानं बांधाकडे हात केला. तिथं भात व्हायचा आमचा, त्या खांबापरयंत. मला वाटलं, आता बोलेल, आणि बोलावंच त्यानं. पण कप धुऊन तो परत खड्ड्यात उतरला. ती जमीन नव्या शहराला गेली होती, आणि त्या पट्ट्याचा नकाशा मी काढला होता. तिथं मी दोन रेघा मारून मधली जागा पांढरी ठेवली होती, कारण तिथं काही नाही, असं मला सांगितलेलं होतं आणि मीही कधी जाऊन बघितलं नव्हतं. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं काय झालं, मी सांगितलं, काही नाही.

आणि तरी माझा स्वभाव बघा. शेवटी मागच्या डाव्या बाजूचा गंजलेला फ्लोअर त्यानं कापून काढला, ते ठीकच होतं. नवा पत्रा ठोकायला घेतला, पाइप खालून जाणार म्हणून त्याला उंचवटा करायचा होता, तेही ठीक. पण पाइपाला उंचवटा तीन इंच लागत होता आणि हा माणूस पत्रा ठोकून ठोकून सहा-सात इंच उंच करत होता. वर सपाट, वर होडीच्या जुन्या सागवानी फळीचा तुकडा बसवलेला. मी म्हटलं, मिस्त्री, एवढी उंची नको, जागा फुकट जाते. तो ठोकत राहिला. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला. अहो, मी हिशेब करून सांगतोय, तीन इंच बास झाले, तुम्ही ऐकत का नाही? मासेवालीचा भाता थांबला. मिस्त्रीनं हातोडी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "र्‍हाऊ द्या. लागंल."

आणि परत ठोकायला लागला. मी फणफणत बांधावर जाऊन उभा राहिलो. तऱ्हेवाईक माणूस, असं घरी येऊन बायकोला सांगितलंसुद्धा.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी गाडी तयार झाली. बायको आणि पोर टेम्पोतून आल्या. बायको पोरीला कडेवर घेऊन चिंचेखाली उभी राहिली, गाडीच्या जवळ येईना. मिस्त्रीनं अंगात सदरा घातला होता, पहिल्यांदाच. त्यानं मला चालवायला बसवलं आणि स्वतः मागच्या डाव्या सीटवर बसला, पोरीच्या जागी. सगळ्या काचा वर करायला लावल्या. मग अंग चोरून, पाठ वाकवून खाली खाली सरकत गेला आणि त्याचं नाक खांबावरच्या खडूच्या रेघेला आलं तेव्हा थांबला. चला, म्हणाला. पुलापरयंत.

मी आरशात बघत गाडी चालवली. जूनच्या तोंडाची उमस, बंद काचा, आत भट्टी पेटल्यासारखं. तो तसाच दुमडून बसलेला, नाक त्या रेघेशी, डोळे मिटून हवेचा वास घेत. पन्नाशीच्या माणसाची पाठ ती. मी म्हटलं, मिस्त्री, आता सरळ बसा, कळलं. तो हलला नाही. पुलाचा उंचवटा आला. गाडी वर गेली, खाली आली. काही आपटलं नाही. खाली नुसता टायरच्या पट्ट्यांचा मऊ झोल जाणवला. पूल ओलांडून परत फिरलो, पुन्हा तोच उंचवटा, पुन्हा काही नाही. बोनकोडे येईपर्यंत तो आठ वर्षांच्या पोरीएवढा होऊन बसला होता.

उतरला तेव्हा सदरा पिळून काढावा इतका भिजलेला. कंबरेवर हात ठेवून सरळ व्हायलाच त्याला वेळ लागला. मग तो बायकोसमोर जाऊन उभा राहिला. "वयनी, धूर नाय. आता बसवा पोरीला."

बायकोनं त्याच्याकडे बघितलं, मग खांबावरच्या रेघेकडे. ती पुढे आली आणि तिनं पोरीला मागच्या सीटवर ठेवलं. सवयीप्रमाणे पिशवीतून चादरीची वळकटी काढली आणि पायांखाली सरकवायला वाकली. आणि तशीच वाकलेली राहिली.

पोरीचे दोन्ही बूट त्या सागवानी फळीवर होते. लोंबत नव्हते, दाबले जात नव्हते. पूर्ण तळवे, टाचेपासून पुढपर्यंत, फळीवर बसलेले, गुडघे सैल. फळीच्या पुढच्या कडेला बोटभर पट्टी ठोकली होती, ब्रेक लागला तरी बूट घसरू नयेत म्हणून. मी दाराशी उभा होतो आणि मला ते सहा-सात इंच दिसत होते, ज्यांच्यासाठी मी या माणसावर ओरडलो होतो.

पोरीनं आधी एक बूट दाबून बघितला, मग दुसरा. मग मान वर केली.

"बाबा, पाय टेकले."

जन्माला आल्यापासून मी त्या पोरीला उचलतोय. तिच्या कॅलिपरची मापं मी दिलेली, बुटांची मी दिलेली. गाडीची सगळी मापं घेतली. तिचे पाय गाडीत कुठपर्यंत पोचतात, हे मोजायचं मला कधी सुचलं नाही. मी मिस्त्रीकडे वळलो. कधी मापलं हे, मी विचारलं. तो लुंगीनं मान पुसत म्हणाला, भोकातून बघत होतो ना, तवा खालून दिसलं.

मी त्याचे पाय धरायला वाकलो. त्यानं अर्ध्यातच खांद्याला धरून उभं केलं आणि म्हणाला, सायेब, गारी वळवताना खड्डा सांभाळा, तिथं चुकाल.

सोमवारी शाळा होती. बायको म्हणाली, मीही येते पहिल्या दिवशी. पुलाचा उंचवटा आला तशी तिनं डॅशबोर्ड घट्ट धरला आणि मी वेग उतरवला. गाडी वर गेली, खाली आली. आणि मागून दोनदा आवाज आला, ठक, ठक. आम्ही दोघंही दचकून वळलो. पोर खिडकीतून खाडी बघत होती आणि बुटांनी फळीवर ताल धरत होती.